आबा, तुमचा कावळा फार लवकर शिवला

आबा, तुम्ही फसलात. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागून.

उभी हयात फौजेच्या वर्कशॉपात काढलीत. ड्रायव्हर येऊन म्हणाला की ब्रेक धरत नाही, तर तुम्ही गाडीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायचात आणि म्हणायचात, "ब्रेक झक्कास आहे, ह्याला रजा पायजे." तुम्हीच मला हे किती वेळा मिटक्या मारत सांगितलंय. असला पारखी माणूस, आणि स्वतःच्या दहाव्याला स्वतःच्या पोराची थाप ओळखता आली नाही? कमाल आहे हो तुमची.

यमुनेच्या घाटावर त्या दिवशी धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. तुमच्या पोराने, मिलिंदने, मुंडण केलेलं, अंगावर ओलं धोतर, वर दिल्लीचा जानेवारी. दात वाजत होते त्याचे. तुमचे धाकटे भाऊ तात्या साताऱ्याहून आले होते. मी सून, म्हणून जरा मागे उभी. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. शेजारी दुसऱ्यांची कार्यं चालली होती, ती माणसं आमच्याकडे टकामका बघत होती, की हे लोक भाताच्या गोळ्यापुढे हात जोडून कशासाठी ताटकळलेत. कावळे होते हो, निंबाच्या झाडावर ओळीने बसले होते. पण एक खाली यायला तयार नाही. आले ते थंडीत परदेशातून येतात ते पांढरे पक्षी, लोकांच्या हातची शेव खाऊन चटावलेले. ते पिंडावर झडप घालायला बघत होते आणि तात्या काठी घेऊन त्यांच्या मागे, "हुड्! तुमचा काय संबंध?" तशातही मला हसू फुटलं. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात.

मग तात्या म्हणाले, "इच्छा राहिलीय त्याची. बोला, काय राहिलंय ते बोला." झालं, सुरू. गावच्या आत्याबाईंकडे लक्ष देऊ. कावळा हलेना. देवीला जाऊन येऊ. हलेना. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते, तेवढ्यात तात्याच म्हणाले, "आरं मिलिंद, त्या कुत्र्याचं बोल की. त्या गाडीचं बोल. जीव तितं हुता त्याचा."

मिलिंदने डोळे मिटले आणि म्हणाला, "आबा, पाव्हण्याला आम्ही सांभाळू. तुमचा ट्रेलर विकणार नाही. नदीवर नेत राहू."

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली. फटकन चोच मारली आणि गेला. तात्या ढसाढसा रडले, कोणी मिलिंदच्या अंगावर शाल टाकली, गंगेत घोडं न्हालं म्हणून सगळे चहाला गेले. मी नाही रडले. मी मिलिंदचं तोंड बघितलं होतं. त्याच तोंडाने तो मला "येताना दूध आणतो" म्हणतो आणि हात हलवत येतो. वेळ मारून नेतानाचं तोंड आहे ते, मी पुरतं ओळखते. तुम्हाला मात्र एवढी घाई झाली की पोराने तोंडाला पानं पुसली तरी कळलं नाही. थोडं थांबायचं होतंत. अजून दोन वचनं काढून घेतली असती.

लोक मला सांगतात, सुजाता, गेलेल्या माणसाशी असं बोलू नये. का नाही? जिवंत असताना बोलतच होते की. तुम्ही मला एकदाही "सुनेने असं बोलू नये" म्हणाला नाहीत, मग आता मधल्या लोकांनी कशाला सांगावं? तुमची पलटण, तुमचं गाव, तुमचं पेन्शनीत निघणं, ते सगळं तात्यांनी गावाकडच्या पेपरात चौकटीत छापून आणलंय. फोटोही बरा आलाय. मला त्यात काही भर घालायची नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय.

पण आधी ट्रेलर. लष्कराच्या लिलावातून तुम्ही पाण्याच्या टाकीची जुनी ट्रॉली उचलून आणलीत, तेव्हा नोएडाच्या आमच्या सोसायटीत केवढा गहजब झाला होता! टाकी काढलीत, तिच्या जागी पत्र्याची खोली चढवलीत, वेल्डरच्या डोक्यावर बसून. आत दोन बाक, बाकाखाली तुमच्या काळ्या ट्रंका, एक शेगडी, आणि एका अंगाला वर उघडणारी ही मोठी खिडकी. बाहेरून फौजी हिरवा रंग. मी त्याला डबा म्हणायचे. सेक्रेटरीसाहेब म्हणायचे, "अंकलजी, ये कमर्शियल तो नहीं है ना?" त्यांची तरी काय चूक? ती खिडकी उघडली की अगदी ठेलाच दिसायचा. नदीवर एकदा दोन कुटुंबं येऊन खिडकीपुढे उभीच राहिली, मोमो द्या म्हणाली. मी सांगायला गेले की भैया, हे घर आहे, तर तुम्ही मला मागे सारलंत आणि म्हणालात, "मोमो खतम. चाय मिलेगी." आणि खरोखर सगळ्यांना चहा करून दिलात, पाव्हण्याच्या ताटलीतली बिस्किटं सोडून उरलेली सगळी बिस्किटं वाटलीत. त्यातली एक बाई जाताना म्हणाली, अंकल, संडे को भी खुला रहता है? तुम्ही म्हणालात, हाँ जी, बिल्कुल.

आणि पाव्हणा. कडाक्याच्या थंडीत जिन्याखाली येऊन बसलेलं ते अर्धा कान तुटलेलं ध्यान. "पाव्हणं आलंय, दोन दिवसांनी जाईल," म्हणालात. तो काय जातोय! सोसायटीतले त्याला पवन म्हणतात, आम्हीही दुरुस्त करायचं सोडून दिलं. लोकांना वाटतं तुम्ही गेल्यापासून तो जेवत नसेल, दारात डोळे लावून बसला असेल. शेजारच्या बाई येऊन तसं बघूनही गेल्या. त्यांची निराशा झाली. पाव्हणा दोन पोळ्या जास्त खातो. दुःखाने खात असेल, मला माहीत नाही, मीही जास्त खाते हल्ली.

तुम्ही मला पहिल्यांदा नदीवर नेलंत ते वर्ष आठवतं? माझं प्रमोशन आलं होतं, चेन्नईला. मिनिस्ट्रीत सगळ्यांनी पेढे मागितले, आणि मी ते प्रमोशन नाकारून घरी आले. घर आहे, मिलिंदची नोकरी आहे, सासूबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि तुम्ही आमच्याकडे आला होतात. मी नाकारलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मिलिंद म्हणाला, "अच्छा? ठीक आहे ना, इथेच बरं." आणि टीव्ही लावला. शनिवारी सकाळी तुम्ही दारात उभे. "बॅग भर. पाव्हण्याला नदी दाखवायची आहे."

मी म्हटलं, कुठली नदी, दिल्लीची? नाक धरून बसायचं का? तुम्ही म्हणालात, बस तर खरं. दिल्लीच्या वर, सोनीपतच्या अलीकडे, गावच्या पंचायतीने काठावर केलेली ती एवढीशी बाग. दोन झोपाळे, एक हातपंप, सिमेंटचे बाक, आणि खाली यमुना, जिला अजून दिल्ली भेटलेली नव्हती. निळं पाणी! मी खुळ्यासारखी बघतच राहिले. यमुना निळी असते हे मला त्या दिवशी कळलं.

तुमचं एक शास्त्र होतं. आधी दगड, मग जॅक, मग चहा. चाकांखाली दगड लागल्याशिवाय कोणी बसायचं नाही, जॅक देऊन ट्रेलर समपातळीत आल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. मी म्हटलं आबा, सपाट तर दिसतंय, तर तुम्ही ताटलीत पाणी ओतून बाकावर ठेवलंत आणि दाखवलंत की बघ, एका अंगाला जातंय. माणसाला कळत नाही, पाण्याला कळतं, म्हणालात. मग मी दगड लावले, जॅक फिरवला, आणि पिठल्यासाठी कांदा चिरायला बसले आणि रडायलाच लागले. हुंदके देऊन. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. पाव्हण्याच्या अंगाला चिकटलेले गवताचे काटे काढत बसलात आणि म्हणालात, "कांदा चांगला दिसतोय." ठेचा वाटलात, भाकरी थापलीत. हो, तुम्ही थापलीत, आणि माझ्यापेक्षा गोल. जेवण झाल्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात. "पोरी, तू चेन्नईला जायला पायजे हुतंस."

सगळ्या घरात, सगळ्या ऑफिसात, माझ्या माहेरीसुद्धा, हे कोणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं होतं. तुम्ही एकट्याने मला मूर्ख म्हटलंत, आणि माझ्या जिवाला थंडावा मिळाला. मी तुमचे आभार मानले नाहीत. सून सासऱ्याला थँक्यू म्हणते का कधी? आता म्हणते. थँक्यू, आबा.

त्यानंतर दर थंडीत आपण जातच राहिलो. तुम्ही, मी आणि पाव्हणा. मला तुम्ही तुमच्या जीपला जोडलेला ट्रेलर मागे घ्यायला शिकवलंत, हँडल उजवीकडे की ट्रेलर डावीकडे, हे उफराटं गणित माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तुम्ही किती हसलात! एकदाही ओरडला नाहीत. मी एकदा झोपाळ्याचा खांब वाकवला तर तुम्ही म्हणालात, तो आधीच वाकडा हुता.

आणि तिथेच आपलं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचे, आबा, मिलिंदला बोलवा. तुम्ही म्हणायचात, "त्याला कशाला? साहेब माणूस. ज्याला यायचंय तो येतो." मी म्हणायचे, तुम्ही एकदा तोंडाने म्हणा तर खरं. तुम्ही पाण्याकडे बघायचात. मी चिडायचे. म्हणायचे, पाव्हण्याला जिन्याखालून हाक मारून बोलावता, मला बॅग भर म्हणता, पोराला नुसतं "चल" म्हणायला काय तोंड दुखतं? तुम्ही उठून उगाचच दगड पुन्हा घट्ट करायचात. शेवटच्या खेपेलाही हेच झालं. डिसेंबरात. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही त्याला बोलावलं नाहीत तर मी येणार नाही. तुम्ही म्हणालात, बघू. बघू म्हणालात आणि गेलात की हो! हे काय उत्तर झालं?

तर आता ऐका काय झालं ते. फेब्रुवारी सरला आणि मिलिंदने ट्रेलरचे फोटो काढून तो फोनवर विकायला टाकला. पाव्हण्यासाठी ऑफिसातल्या कोणाचं तरी फार्महाऊस शोधलं, गुडगावच्या पुढे. मला हे कधी कळलं? फार्महाऊसवाल्यांचा फोन माझ्या समोर आला तेव्हा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, घाटावर काय बोलला होतास?

तो म्हणाला, "ते तर बोलावं लागतं, सुजाता. सगळे बोलतात. कावळा यावा म्हणून बोलतात. फॉर्मॅलिटी असते यार."

म्हटलं, म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात?

"तू समझत का नाहीस? दोन गाड्यांची पार्किंग अडवलीय त्याने. सेक्रेटरी रोज बोलतो. कुत्र्याला कोण फिरवणार, तू आठ वाजता मेट्रो पकडतेस. आणि ट्रेलर ओढणार कोण?"

"मी."

"तू मागे घेऊ शकतेस तो?"

"तुझ्यापेक्षा बरा."

त्याचं सगळं खोटं नव्हतं, आबा. हे तुम्हाला सांगायला हवं. पार्किंगची कटकट खरी, कुत्र्याची खरी. पण मी अडून बसले. आमच्या मिनिस्ट्रीत मोठे साहेब मीटिंगमध्ये जीभ सैल सोडतात आणि बाहेर आल्यावर कानावर हात ठेवतात, ते मी रोज बघते आणि मूग गिळून गप्प बसते. ते पोटासाठी. घरात नाही बसणार. बापाच्या पिंडापुढे बोललेला शब्द जर वाऱ्यावर सोडायचा, तर मग पाळायचा तरी कुठला? म्हटलं, मिलिंद, कावळा आला नसता तर दर्भाचा केला असता, कोणी तुला फाशी दिली नसती. तू बोललास. तो आला. आता विषय संपला.

मग तो फुटला. मी एवढ्या वर्षांत त्याला असं बघितलं नव्हतं. हातातला फोन सोफ्यावर फेकला आणि म्हणाला, "तुला घेऊन जायचे. कुत्र्याला घेऊन जायचे. एका भटक्या कुत्र्याला, सुजाता! मला एकदा तरी म्हणाले, चल? मी दर शनिवारी बाल्कनीत उभा राहायचो. तुम्ही दगड भरायचे, डबे भरायचे. मला वाटायचं, आज म्हणतील. मला नाही पाहिजे तो ट्रेलर डोळ्यासमोर. रोज सकाळी ऑफिसला निघालो की दिसतो."

आबा, तो बाल्कनीत उभा असायचा. मला वाटायचं, आपण कधी जातोय आणि त्याला निवांत मॅच कधी लावता येतेय, याची तो वाट बघतोय. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही तर कधी वर बघितलंच नाहीत.

त्या दिवसापासून माझा अर्धा राग तुमच्याकडे वळला. तो अजून तिथेच आहे. तुमच्याकडे माया नव्हती असं कोणी म्हणेल तर मी त्याचं थोबाड रंगवीन. पण ती सगळी तुम्ही मला दिलीत, कुत्र्याला दिलीत, मोमो मागायला आलेल्या परक्या लोकांना दिलीत, आणि पोराच्या वाट्याला नुसती शिस्त ठेवलीत. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा तो लहान होता, मान्य. मग तो मोठा झाला, तुम्ही रिटायर झालात, एका छपराखाली राहायला लागलात, तरीही? दोन्ही अडेलतट्टू. हा म्हणतो ते बोलवतील, तुम्ही म्हणता ह्याला यायचं तर येईल, आणि मधे मी, पिठलं ढवळत.

रविवारी घेणारा येणार होता. गाझियाबादचा कोणी, त्याला त्यात खाण्याचा धंदा टाकायचा होता. मी सकाळीच खाली उतरले. जीप मागे घेतली, पहिल्या झटक्यात हूक बसवला, पिन घातली, साखळी लावली. वॉचमन बघत राहिला. पाव्हण्याला नुसतं दार उघडून दिलं, पडत्या फळाची आज्ञा, उडी मारून आत. तेवढ्यात घेणारा आला, त्याच्याबरोबर मिलिंदही खाली आला, अर्ध्या चड्डीत, पायात बाथरूमच्या चपला. मी त्या माणसाला सरळ सांगितलं, "भाईसाहब, माफ कीजिए, ये बिकाऊ नहीं है." तो मिलिंदकडे बघायला लागला. मिलिंद माझ्याकडे. म्हणाला, "सुजाता, तमाशा नको."

म्हटलं, तमाशा कसला, मी तुला बोलवायला थांबलेय. बस गाडीत.

तो म्हणाला, "आबांसाठी म्हणतेयस?"

"नाही. आबांनी नाही बोलावलं ते नाहीच बोलावलं. ते आता कोणी भरून काढू शकत नाही, मीही नाही. हे माझं आमंत्रण आहे. मी बोलावतेय. येतोस का?"

तो उभाच. सेक्रेटरीसाहेब मॉर्निंग वॉकवरून परत येत होते, त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हट रहे हैं जी, हट रहे हैं." घेणाऱ्याने पंधरा मिनिटं बडबड केली आणि निघून गेला. मी इंजिन चालू केलं. पाव्हणा भुंकला. आणि मिलिंद बसला, आबा. त्याच चड्डीत, त्याच चपलांत. वर जाऊन कपडे बदलून येतो म्हणाला असता तर मी निघूनच गेले असते, हे त्याला माहीत होतं.

सोनीपतचा रस्ता लागला. मग तो आपणच बोलायला लागला, खिडकीबाहेर बघत. म्हणाला, अठरा वर्षांचा होतो, कॅन्टोन्मेंटात आबा मला गाडी शिकवत होते. मागे घेताना नळाच्या खांबाला लागली. फक्त मागचा दिवा फुटला. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीतली माणसं बाहेर उभी होती, माझे मित्र होते. आबा खाली उतरले आणि म्हणाले, "ज्याला मागं बघून चालवता येत नाही त्याला पुढचं काय दिसणार?" सगळे हसले. एवढंच, म्हणाला. मारलं नाही, काही नाही. मी त्यानंतर त्यांच्यासमोर गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही.

मला हे कधी सांगितलं नव्हतं त्याने. तुम्हीही नाही. तुम्हाला आठवत तरी होतं का, आबा? मला वाटतं नसेल. तुम्ही गंमत केली असणार, तुमच्या वर्कशॉपात चालते तशी. लागायचं तिथे लागली मात्र.

बागेत तुमचा तो माळी, रणबीर, होता, हातपंपाजवळ. पाव्हण्याला बघून उठला, मग आमच्या मागे बघितलं, अजून कोण उतरतंय ते. "फौजी साहब?" मी मान हलवली. त्याने डोक्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. मग मिलिंदने विचारलं. मला वाटलं नव्हतं तो विचारेल. "मेरे बारे में कुछ कहते थे?"

खरं सांगते, मी मनात हात जोडले. म्हटलं, देवा, हा माणूस एखादं खोटं तरी बोलू दे. रणबीरने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. आणि म्हणाला, "ना जी. मिर्ची की बात करया करते. उनकी वो चटनी."

मिलिंद हसला. आधी जरासं, मग खो खो, मग डोळे पुसत. रणबीरला कळेना काय चुकलं. मीही हसले. काय करणार! तुमचं कसं व्हायचं हो आबा, मेल्यावरही तुम्ही साधं एक वाक्य पोरासाठी मागे ठेवलं नाहीत, ठेवलात तो ठेचा.

मग मिलिंद म्हणाला, "ट्रेलर मी लावतो."

मी उतरले. आधी दगड काढून हाताशी ठेवले आणि बाजूला उभी राहिले. त्याने हँडल डावीकडे फिरवलं, ट्रेलर गेला उजवीकडे. घाबरून आणखी डावीकडे. मी "थांब" म्हणेपर्यंत ट्रेलरचा मागचा कोपरा सिमेंटच्या बाकावर गेला आणि लाल दिव्याची काच खळ्ळकन खाली. पाव्हणा भुंकायला लागला. झोपाळ्यावरची पोरंटोरं हसली. मिलिंद स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला, मान खाली, खांदे कानांपर्यंत वर. पन्नाशीला आलेला माणूस, मुंडणानंतर बोटभर उगवलेल्या केसांत निम्मे पांढरे.

आबा, माझ्या तोंडात शब्द आले होते. तुमचेच. तुमच्याच ठसक्यात. इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहिले, माझी जीभही तुमच्या वर्कशॉपातली झालीय. ती मी दातांखाली दाबली. खिडकीशी गेले आणि म्हटलं, "हँडल उलटं. परत घे."

त्याने परत घेतली. परत वाकडी. पोरं परत हसली, त्यांना मी असा डोळा दाखवला की ती गप्प. परत. परत. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कधीतरी ट्रेलर जागेवर बसला, म्हणजे तुमच्या हिशेबाने वाकडाच, पण बसला. तो खाली उतरला, घामाने निथळत होता, आणि बाथरूमच्या चपलांनी चाकाखालचा दगड आत ढकलत म्हणाला, "पुढच्या वेळी पहिल्याच खेपेला बसेल."

मला तुमची फार आठवण येते, आबा. रोज येते, भांडावंसं वाटून येते, आणि समोर कोणी नसतं. पण त्या सकाळी तुम्ही तिथे नव्हतात ते बरं झालं. तुम्ही असतात तर काही ना काही बोलला असतात, आणि तो परत कधी आला नसता. हे लिहिलं आणि किती तरी वेळ रडत बसले. पण खोडणार नाही.